उघाडीजवळचं शेत

सगुणाबाईंना मी पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा त्या पाण्यावरून चालत येताहेत असं मला वाटलं होतं.

१९४८ सालचा मार्गशीर्ष होता. माझे यजमान त्र्यंबकराव ठाण्याच्या महसूल कचेरीत नोकरीला होते, आणि खाडीकाठच्या खारजमिनींची पाहणी तेव्हा त्यांच्याकडे होती. मी टेंभी नाक्याजवळच्या मुलींच्या शाळेत शिकवत असे. एका रविवारी हे म्हणाले, "तू खाडी फक्त कळव्याच्या पुलावरून पाहिली आहेस. चल, आज आतून दाखवतो." पूल ओलांडून आम्ही खाजणपाड्याच्या वाटेला लागलो. शेवटचा मैलभर रस्ता म्हणजे नुसता बांध होता. मातीचा, जेमतेम दोन माणसांपुरता रुंद. डावीकडे खाडी, उजवीकडे कापणी झालेली भातशेतं. भरती चढत होती. चालता चालता माझ्या ध्यानात आलं की डावीकडचं पाणी उजवीकडच्या जमिनीपेक्षा उंच आहे. मी थांबले. पुन्हा पाहिलं. खरंच होतं. ती सगळी शेतं, त्यांच्या पलीकडची घरं, घरांवरचा धूर, सगळंच खाडीच्या पातळीखाली निवांत पडलेलं होतं, आणि मध्ये एवढीशी माती.

धुकं अजून विरलं नव्हतं. पाणी कुठं संपतं आणि आभाळ कुठं सुरू होतं ते कळत नव्हतं. त्या करड्या पडद्यातून डोक्यावर हंडा-कळशी घेतलेली एक बाई आमच्याकडे येत होती. तिचे पाय दिसत नव्हते. जवळ आली तेव्हा आधी हसली, मग म्हणाली, "बाय, मदोमद चाला. कडंला चिंबोऱ्यांची बिला हायेत, पाय आत जाईल."

या सगुणाबाई. गोपीनाथ मढवींच्या पत्नी. गोपीनाथदादांना ठाण्याच्या कचेरीत सगळे ओळखत. खाजणपाडा आणि त्याच्या शेजारचे दोन पाडे मिळून जो बांध होता, त्याचं सगळं ते बघत. त्यांना कुणी नेमलेलं नव्हतं, त्याबद्दल त्यांना काही मिळतही नव्हतं. पण बांधावर कुठं माती घालायची, पाणी कधी सोडायचं आणि कधी अडवायचं, याबाबत तिन्ही पाड्यांत त्यांचा शब्द शेवटचा होता.

सगुणाबाईंचं माहेर खडवलीचं. लहानपण भातसा नदीत डुंबण्यात गेलेलं. तेराव्या वर्षी लग्न होऊन इथं आल्या तेव्हा चहूकडे पाणी बघून त्यांना फार आनंद झाला होता. धावत जाऊन ओंजळभर तोंडात घेतलं आणि तसंच थुंकून टाकलं. हे त्यांनीच मला नंतर कधीतरी सांगितलं. "तीन दीस रडलंव मी. सासूला वाटला आईची सय येतेय. मना आईची नव्हती येत. नदीची येत होती." प्यायचं पाणी मैलभर लांबून, त्या बांधावरूनच आणावं लागे. येता-जाता त्या खाडीकडे बघत राहायच्या. असं वर्षानुवर्षं बघत राहिल्यामुळे त्यांना जे दिसायला लागलं, त्याची किंमत आम्हा शिकलेल्यांना फार उशिरा कळली.

गोपीनाथदादांची हकिगत मला यजमानांकडून कळली होती. दादा तरुण असताना बांधाला मोठी खांड पडली, म्हणजे बांध मध्येच फुटला, आणि खाडी शेतांत शिरली. तीन वर्षं जमिनीत काही उगवलं नाही. पाड्यातले पुरुष मिठागरांवर मजुरीला गेले, त्यांत दादाही होते. मिठागरात समुद्राचं पाणी आत घ्यायचं, एका वाफ्यातून दुसऱ्यात फिरवायचं, पायानं चिखल सारून वाट उघडायची आणि बंद करायची. दादांनी ही विद्या अंगात मुरवली, आणि परत आल्यावर ती उलटी वापरली. समुद्र आत घ्यायला शिकलेल्या माणसानं समुद्र बाहेर ठेवला.

त्यांनी दोन गोष्टी केल्या. बांधाचे तुकडे पाडून दरवर्षी चिठ्ठ्या टाकून वाटून द्यायचे. मात्र आपल्या शेतासमोरचा तुकडा कुणालाच मिळणार नाही. प्रत्येकानं दुसऱ्याचं शेत राखायचं. सुरुवातीला लोक कुरकुरले. पण आपल्या तुकड्यातून गळती झाली तर शेजाऱ्याला तोंड दाखवायची लाज वाटे, त्यामुळे कामं चोख व्हायला लागली. दुसरी गोष्ट उघाडीची. बांधात एक दगडी मोरी होती आणि तिला सागवानी फळ्यांची झडप. भरतीचं पाणी झडपेला दाबून बंद करी, ओहोटीला आतलं पावसाचं पाणी तिला ढकलून बाहेर पडे. हिलाच उघाडी म्हणत. आतलं पाणी किती ठेवायचं यावरून वरच्या आणि खालच्या शेतांत दरसाल भांडणं होत. दादांनी उघाडीपाशी एक खांब रोवला आणि सगळ्यांदेखत त्यावर कोयत्यानं खाच पाडली. पाणी खाचेच्या वर गेलं की सोडायचं, खाली असेल तर अडवायचं. माणसाशी भांडता येतं, खांबाशी काय भांडणार?

त्या रविवारी दादांनी आम्हाला उघाडीवर नेलं. बारा वाजत आले होते. भरती पूर्ण झाली आणि पाणी थांबलं. खरोखरच थांबलं. एक काटकी मघापासून आत वाहत येत होती, ती जागच्या जागी उभी राहिली. बगळे हलेनात. वाराही नव्हता. दादा अगदी हळू आवाजात म्हणाले, "आता पानी इचार करतंय." मी सगुणाबाईंकडे पाहिलं. त्यांनी डोळे मिटले होते. थोड्या वेळानं काटकी वळली आणि खाडीच्या तोंडाकडे निघाली. त्या आधी आणि नंतरही मी पुष्कळ देवळांत गेले, पण तसं गप्प बसणं मला कुठं जमलं नाही.

परतताना दादांनी दक्षिणेकडचा एक कोपरा दाखवला. खळ्याएवढा तुकडा, त्यावर पांढरी पापडी धरलेली. तिथं खाऱ्यात तग धरणारं लाल राता भातसुद्धा पिवळं पडून मरे. बांध तिथं पक्का होता, एक थेंबही आत येत नव्हता, तरी माती पांढरी. "सगला करून बगितला, सायब," ते यजमानांना म्हणाले. "बांद वाडवला, माती बदलली, गोडा पानी भरून ठेवला. ह्याचा काय दुखतंय, मना नाय कळत."

पुढच्या वर्षी नारळी पौर्णिमेच्या उधाणाला उघाडीची एक फळी वाहत्या ओंडक्यामुळे निखळली. खाडी शेतांत शिरायला लागली. दादा कमरेला दोर बांधून खाली उतरले आणि ओहोटी लागेपर्यंत, म्हणजे तीन-चार तास, पाण्यात उभं राहून त्यांनी फळी पाठीनं दाबून धरली. बाकीच्यांनी वरून मातीच्या पाट्या ओतल्या. उघाडी वाचली. दादा आपल्या पायांनी घरी गेले, जेवले. दुसऱ्या दिवशी ताप भरला आणि नवव्या दिवशी ते गेले. तापात ते त्या पांढऱ्या कोपऱ्याबद्दलच बोलत होते, असं सगुणाबाईंनी मला सांगितलं. "शिकलेला मानूस पाह्यजे, सगुना. आपल्यानी नाय व्हायचा."

ठाण्यात शोकसभा झाली. श्रीपादराव म्हणून वकील होते, यजमानांचे मित्र. त्यांच्या घरी चारपाच मंडळी जमली आणि उघाडीजवळ दादांच्या नावाचा संगमरवरी दगड बसवायचं ठरलं. मजकूरही तयार झाला. खाजणपाड्याला निरोप धाडला.

पौषातल्या एका सकाळी सगुणाबाई आमच्या दारात उभ्या. हातात वालाच्या शेंगांची टोपली. वर्षभराच्या ओळखीत त्या आमच्याकडे पहिल्यांदाच येत होत्या. मी चहा केला. श्रीपादराव योगायोगानं बसलेलेच होते. सगुणाबाई जमिनीवर बसल्या, टोपली माझ्याकडे सरकवली आणि सरळ म्हणाल्या, "तो दगड नको."

"का हो?" श्रीपादरावांनी विचारलं. "दादांचं नाव राहील."

"दगड चिखलात जाईल. दोन-तीन पावसाळं टिकंल. आनि नाव वाचनार कोन? आमच्यात कोनाला वाचता येतंय?"

"मग काय करावं म्हणता?"

 त्या सांगायला लागल्या. दुपारी बांधावरून पाणी घेऊन येताना त्यांना दोनदा दादा दिसले होते. उन्हाच्या झळांत, लांब, त्या पांढऱ्या कोपऱ्याकडे तोंड करून उकिडवे बसलेले. जवळ जावं तर कुणी नाही. हे त्यांनी रडत सांगितलं नाही. काल बाजारात अमुक भेटले, अशा सहजतेनं सांगितलं. "ते अजून तितंच बगत बसलेत. म्हनून मना वाटतंय, कोनाला तरी शिकवाया पाह्यजे. पुन्याला शेतकीचा मोठा कालेज हाय म्हनतात. उघाडीजवलचा शेत माज्या नावावर केलाय त्याही. त्याच्यावर जेवढा पिकंल, ते त्या शिकनाऱ्याचा. दरसाल."

श्रीपादरावांनी चष्मा काढून पुसला. शिष्यवृत्ती हा शब्द त्यांनीच उच्चारला. सगुणाबाईंनी तो दोनदा म्हणून पाहिला, त्यांना काही तो नीट जमला नाही. पुढंही त्या नेहमी 'शेताचा पोर' असंच म्हणत.

कागद झाला. पण त्यांचे धाकटे दीर मारुती यांना ते मुळीच पटलं नाही. सगुणाबाईंना मूलबाळ नव्हतं, आणि ते शेत पुढंमागं आपल्याकडे येणार हे त्यांनी धरून ठेवलं होतं. कागदावर अंगठे उमटवायच्या दिवशी मी तिथं होते. मारुती अंगणात उभ्याउभ्याच म्हणाले, "वयनी, चिखलात आमी मरायचा, आनि भात पुन्याचा पोर खानार?"

"तुमी नका मरू, भावजी. मी हाय."

"नांगर कोन धरंल? मी नाय यायचो."

"नका येऊ."

आणि ते खरंच आले नाहीत. शेजारच्या पाड्यातून बैलजोडी मागून आणली. लावणीला मात्र खाजणपाड्यातल्या सगळ्या बायका, मारुतीची बायकोसुद्धा, न बोलावता आल्या. त्या वर्षी मी शाळेला रजा टाकून एक दिवस गेले होते. गुडघाभर चिखलात वाकून रोप लावताना समोर फक्त पाण्यातलं आभाळ दिसतं. आपण ढगांत रोपं खोचतो आहोत असं वाटत राहतं. माझी रांग वाकडी झाली म्हणून त्या हसल्या आणि माझ्या मागून येत एकेक रोप सरळ करत गेल्या.

पहिलं वर्ष कुणीच अर्ज केला नाही. खारपट्टीतल्या गावांमधून मॅट्रिक झालेलं तेव्हा कुणी नव्हतंच. भात कणगीत पडून राहिलं. मारुती येता-जाता कणगीकडे बघत. १९५१च्या मे महिन्यात एक अर्ज आला, पण तो डोंबिवलीहून. विश्राम नावाचा, पोस्टातल्या कारकुनाचा मुलगा. गुण उत्तम. श्रीपादरावांना आनंद झाला, यजमान जरा साशंक होते. शहरातल्या मुलाला हे शेत द्यावं की न द्यावं? सगुणाबाई म्हणाल्या, "आना त्याला इकडं."

आम्ही त्याला बांधावर घेऊन गेलो. बारीक अंगाचा, जाड चष्म्याचा मुलगा. इस्त्रीची पँट घोट्याच्या वर दुमडलेली. सगुणाबाईंनी विचारलं, "शेतात कवा उतरलाय?"

"नाही," तो म्हणाला. "कधीच नाही."

"मंग शेतकी कशाला?"

त्यानं बांधापलीकडच्या शेतांकडे पाहिलं. मग म्हणाला, "आमच्या खोलीच्या खिडकीतून पार मलंगगडापर्यंत शेतं दिसतात. पावसाळ्यात पाणी एका शेतातून दुसऱ्यात जातं. लहानपणापासून मी ते बघतो. कुठं थांबायचं आणि कुठं पुढं जायचं हे त्याला कसं कळतं, ते मला समजून घ्यायचंय."

श्रीपादराव माझ्याकडे बघून किंचित हसले. सगुणाबाई हसल्या नाहीत.

"शिकून कुठं जाशील?"

"ते मला माहीत नाही. नोकरी मिळेल तिथं जावं लागेल."

मी मनात म्हटलं, संपलं. पण सगुणाबाई श्रीपादरावांकडे वळून म्हणाल्या, "ह्यालाच द्या. खोटा नाय बोलत." मग विश्रामला म्हणाल्या, "एकच कर. दरसाल एका उधानाला इथं येयाचा. पानी चडायला लागल्यापासून उतरंपर्यंत उघाडीवर उबा राह्याचा. काम नको करू. नुस्ता बगायचा."

त्या अटीचा वकिली कागदात काही उल्लेख नाही. पण विश्रामनं ती पाळली. एका उधाणाऐवजी तो दर सुट्टीत यायला लागला. पहिल्या खेपेला तो दोनदा चिखलात पडला. चष्मा हरवला, तो पाड्यातल्या बायकांनी ओहोटीला शोधून दिला. जिल्ह्याबाहेर धान्य न्यायला तेव्हा बंदी होती, त्यामुळे शेतातलं भात इथंच विकून त्याची फी आणि खानावळ भागवत. पण राता तांदळाचे लाल पोहे सगुणाबाई त्याच्या ट्रंकेत कोंबत. खानावळीतली मुलं त्यांना हसतात, असं त्यानं मला सांगितलं. त्यांना ते कधी कळू दिलं नाही.

पांढऱ्या कोपऱ्याचं त्याला पहिल्याच वर्षी सांगितलं होतं. तो मातीच्या पुड्या बांधून पुण्याला नेई, तिथल्या प्रयोगशाळेत तपासून घेई. उत्तर दरवेळी तेच. मीठ. ते तर पाड्यातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. तिसऱ्या वर्षी, १९५४च्या एप्रिलमध्ये, तो फार खचून आला. आम्ही बांधावर बसलो होतो. ऊन उतरलं होतं, खाडीवर तांबूस झाक पसरली होती. तो म्हणाला, "आत्या, बांध तिथं जराही गळत नाही. मी उधाणाच्या दिवशी तासन्‌तास बघितलंय." तो त्यांना आत्या म्हणत असे.

"उधानाच्या दिशी नाय येत," सगुणाबाई म्हणाल्या. "तिसऱ्या दिशी येतंय."

"काय येतं?"

"पांढरा. उधान झाला की तिसऱ्या दिशी सकालला तो तुकडा जरा जास्ती पांढरा दिसतंय. भांगाला, पानी कमी चडतंय तवा, नाय होत तसा. मी हंडे आनताना बगतंय ना. इतकी वर्सं झाली."

विश्राम त्यांच्याकडे बघतच राहिला. "हे तुम्ही दादांना सांगितलं नव्हतंत?"

"त्याही इचारला नाय," त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "मनाबी वाटला नाय का सांगाया पाह्यजे. बायकांना असा बरच काय काय दिसतंय."

तीन दिवस उशिरा येणारं पाणी वरून येत नाही, ते जमिनीखालून, हळूहळू झिरपत येतं, एवढं विश्रामला कळलं. पण तिथंच का? तो पाड्यातल्या म्हाताऱ्यांना विचारत फिरला. सगुणाबाई एकट्या बसल्या असताना त्यांना त्यांच्या सासूचं बोलणं आठवलं, आणि त्यांनी ते विश्रामला सांगितलं. सासू सांगे, तिच्या सासूच्या काळी तिथं होड्या लागत. बांध नव्हता तेव्हा. माहेरवाशिणी त्या कोपऱ्यात उतरत.

दुसऱ्या दिवशी विश्रामनं लोखंडी गिरमिट लावून त्या पांढऱ्या मातीत भोक पाडायला घेतलं. हातानं फिरवून फिरवून ते खाली घालवायचं आणि भरलं की वर काढायचं. पाच हात चिकणमाती. सहाव्या हाताला वाळू लागली. मग वाळूबरोबर कालवांचे शिंपले यायला लागले, पांढरेशुभ्र, काही अखंड, काही फुटलेले. आणि एकदा काळपट, मऊ झालेला लाकडाचा तुकडा वर आला. त्यात भोक होतं, खिळ्याचं असावं. सगळा पाडा गोळा झाला होता.  आपल्या शेताखालून एक जुनी खाडी अजून वाहते आहे, हे प्रत्येकाला जणू ऐकू येत होतं. बांध बांधणाऱ्यांनी ती वरून बुजवली होती. खाली ती तशीच होती, उधाणाला भरत होती, ओसरत होती, कुणाच्याही नकळत.

मारुती मागं उभे होते. पुढं आले, एक शिंपला उचलून त्यांनी लुंगीला पुसला आणि विश्रामला विचारलं, "किती खोल खोदाया लागंल?"

"आठ हात. बांधाच्या आतल्या अंगानं. वाळू काढून टाकायची आणि चिकणमाती तुडवून भरायची."

"पावसाच्या आदी व्हायला पाह्यजे मंग," मारुती म्हणाले, आणि कुदळ आणायला घरी गेले.

मे महिनाभर ते काम चाललं. तिन्ही पाड्यांनी चिठ्ठ्या टाकून खोदायचे तुकडे वाटून घेतले. खोदून झालं तेव्हा ओली चिकणमाती टाकून ती पायांनी तुडवायची होती. पुरुष, बायका, म्हातारे, एकमेकांच्या खांद्यांवर हात ठेवून रांगेनं पाय आपटत चरातून पुढं जात आणि मागं येत. संध्याकाळच्या उजेडात लांबून बघताना ती माणसं कमरेपर्यंत जमिनीत गेलेली दिसत, आणि एकाच लयीत वरखाली होत. सगुणाबाई रांगेच्या टोकाला होत्या. त्यांच्या खांद्यावर विश्रामचा हात होता.

जमीन लगेच सुधारली नाही. दोन पावसाळे तिथं नुसतं गोडं पाणी साठवून ठेवलं, मीठ धुवून काढलं. १९५६ साली पहिल्यांदा तिथं भात लावलं. भाद्रपदात ते हिरवं होऊन उभं राहिलं, बाकीच्या शेतांपेक्षा बुटकं, पण हिरवं. सगळे जाऊन बघून आले. सगुणाबाई जाईनात. पाणी आणायला जाताना त्या दुसऱ्या बाजूला तोंड करून चालत, असं मारुतीच्या बायकोनं मला सांगितलं. मी गेले तेव्हा त्यांचा हात धरला आणि म्हटलं, "चला, मी येते." आम्ही गेलो. त्या बांधावरून उतरल्या, भाताच्या कडेला बसल्या आणि लोंब्या हातात घेऊन बघत राहिल्या. दाणा अजून भरला नव्हता. दाबलं की दूध येत होतं.

"ते आता दिसत नाय मना," त्या म्हणाल्या. "दोन वर्सं झाली."

 त्या काही ऐकायच्या अपेक्षेनं बोलल्या नव्हत्या.

विश्राम पदवीधर होऊन रत्नागिरीकडे गेला. खाड्यांच्या काठानं असेच बांध असलेल्या गावांमध्ये तो फिरतो. त्याची पत्रं येतात, ती मी वाचून दाखवते. त्याच्यानंतर भिवंडीकडच्या एका मिठागर कामगाराचा मुलगा, नाथा, पुण्याला गेला. तो हुशार कमी, चिवट जास्त. एकदा नापास झाला, पण सगुणाबाईंनी शेत काढून घेतलं नाही. "भात पन एकांद्या वर्सी नाय येत," एवढंच त्या श्रीपादरावांना म्हणाल्या.

गेल्या वर्षी, १९५८च्या दिवाळीत, आमची बदली कल्याणला झाली. घर लागता लागता सगुणाबाई आल्या. गाडीत बसायची त्यांना अजून सवय नाही, उतरल्यावर थोडा वेळ बाकावर बसून राहिल्या. घरी आल्यावर त्यांनी कमरेच्या पिशवीतून एक घडी घातलेला कागद काढला. नव्या वर्षासाठीचा अर्ज होता. श्रीपादरावांनी त्यांच्याकडे पाठवला होता, आणि सोबत निरोप दिला होता की हा विचारात घ्यावा की नाही ते आधी कळवा.

मी उघडून वाचला. अक्षर गोल, जपून काढलेलं. पनवेलजवळच्या एका खाडीकाठच्या गावातून. अर्ज करणारीचं नाव गोदा. मामाकडे राहून मॅट्रिक झालेली. मी वाचून थांबले.

"पोरगी हाय?" सगुणाबाईंनी विचारलं.

"हो. श्रीपादराव म्हणतील, कागदात विद्यार्थी असं लिहिलंय. आणि शेतकी कॉलेजात मुलींना राहायची सोय आहे की नाही, मला खरंच माहीत नाही."

"ते तुमी इचारून घ्या. पुढं काय लिवलाय?"

मी वाचलं. मुलीनं लिहिलं होतं की तिच्या गावच्या बांधाला दरवर्षी एकाच ठिकाणी खांड पडते, आणि सगळे म्हणतात की ती जागा वाईट आहे. तिला तसं वाटत नाही. तिथं पाणी कसं येतं ते तिनं तीन वर्षं वहीत लिहून ठेवलं आहे. वही सोबत जोडली नाही, कारण ती एकच आहे.

सगुणाबाईंनी तो कागद माझ्या हातातून घेतला, उलटसुलट करून बघितला, आणि परत दिला. त्यांच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला सांगता येणार नाही. खिडकीतून हिवाळ्याचं ऊन येत होतं, त्यात त्या बसल्या होत्या, आणि बराच वेळ त्या तिथं नव्हत्याच.

"कारट हाय का घरात?" त्यांनी शेवटी विचारलं.

मी पोस्टकार्ड आणि दौत-टाक घेऊन बसले. माघी पौर्णिमेला ये, असं लिहायला त्यांनी सांगितलं. वही घेऊन ये. ठाण्याच्या स्टेशनावर मारुती येईल, त्याच्या डोक्याला लाल फडका असेल. मी लिहीत गेले. पत्ता घालायला कार्ड उलटं केलं तेवढ्यात त्या म्हणाल्या, "थांबा. खाली लिवा, एक जास्तीचा लुगडा आन म्हनावा. चिखल लय हाय."

कार्डावर जागा उरली नव्हती. मी ते कडेनं, उभं लिहिलं.